जुलैत कडक ऊन कुठून आणायचे?

पावसाचे पाणी गाडीत शिरले तर चारही दारे उघडून गाडी दोन दिवस कडक उन्हात ठेवावी, असा सल्ला मला गेल्या आठवड्यात सात जणांनी दिला. या सातही जणांना माझी हात जोडून विनंती आहे की त्यांनी जुलै महिन्यात ठाण्यात यावे आणि ते कडक ऊन मला बोट करून दाखवावे. गेले नऊ दिवस आमच्याकडे सूर्याचे दर्शन नाही. घरात पंख्याखाली दोरीवर टाकलेला बनियन दोन दिवसांनीही हाताला गार लागतो आणि तिसऱ्या दिवशी इस्त्रीने त्याची वाफ काढून तो अंगात घालावा लागतो. अशा हवेत बोल्टांनी आवळलेल्या सीटखाली अडकलेले जाडजूड कार्पेट आपले आपण वाळेल असे ज्याला वाटते, त्याने आयुष्यात कधी घरातले कपडे वाळत घातलेले नसावेत.

सुरुवात वासाने झाली. शनिवार-रविवार गाडी सोसायटीच्या आवारात, पर्जन्यवृक्षाखाली उभी होती. सोमवारी सकाळी शाळेला निघताना दार उघडले, तेव्हा ओल्या गोणपाटासारखा कुबट वास अंगावर आला आणि गाडी सुरू करून गल्लीच्या टोकाला पोहोचेपर्यंत समोरची काच आतून पांढरी झाली. मी अर्थातच नवऱ्यावर संशय घेतला, कारण ओली छत्री मागच्या सीटखाली विसरण्याचा त्याचा इतिहास जुना आहे. मंगळवारी मात्र डाव्या बाजूला बसलेल्या मुलीच्या बुटाखाली ‘पचक्’ असा आवाज झाला. रबरी मॅट उचलून पाहिली तर कार्पेट वरून नुसते दमट दिसत होते, पण त्यावर मूठ दाबताच बोटांच्या बेचक्यांतून गढूळ पाणी वर आले.

हे वरून दिसणारे कार्पेट हाच सगळा फसवणुकीचा भाग आहे. त्याच्याखाली फेल्टचा, म्हणजे दाबून बसवलेल्या तंतूंचा, जाड थर असतो, तो स्पंजासारखा पाणी पितो. त्याच्याखाली पत्रा असतो आणि तो परातीसारखा खोलगट असल्यामुळे साचलेल्या पाण्याला जायला वाट नसते. वरचा पृष्ठभाग टिपून, पुसून, पंख्याखाली सुकवून हाताला कोरडा लागला, तरी खाली तळे तसेच राहते आणि दोन-तीन दिवसांत तिथे बुरशी धरू लागते. ही साधी गोष्ट मला एका गॅरेजवाल्याखेरीज कोणीही सांगितली नाही. सर्व्हिस सेंटरमधल्या, गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब असलेल्या त्या तरुणाने तर मुळीच नाही.

त्या तरुणाविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. त्याने वाकून एकदाही कार्पेटला हात लावला नाही. दारात उभे राहूनच त्याने निदान केले, ‘‘मॅडम, काच थोडी उघडी राहिली असेल.’’ काच उघडी नव्हती, असे मी सांगितले. मग ‘‘एसीचे पाणी असेल’’, असे उत्तर आले. एसीचे पाणी एसी चालवल्यावर साचते, गाडी दोन दिवस बंद उभी होती आणि तेवढ्यात धो धो पाऊस पडला, तेव्हा हे पाणी एसीचे कसे असेल, असे मी विचारले. मी शाळेत विज्ञान शिकवते. इतपत तर्क मला सातवीच्या मुलांकडूनही अपेक्षित असतो. त्यावर त्याने टॅबवर बोट फिरवून पाच हजार दोनशे रुपयांचे अंदाजपत्रक दाखवले, ज्यात सीटचे शॅम्पू, जंतुनाशक धूर आणि डॅशबोर्डचे पॉलिश यांचा समावेश होता. पाणी कुठून आले हे शोधण्याचा उल्लेख त्यात कुठेही नव्हता. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण इतक्या तंतोतंत लागू पडल्याचा अनुभव मला प्रथमच आला. निदान पखालीत पाणी तरी असते, डॅशबोर्डवर तेही नव्हते.

सर्व्हिस सेंटरमधून परत आल्यावर मी तोच जगन्मान्य उपाय करून पाहिला. गाडी इमारतीखालच्या स्टिल्ट पार्किंगमध्ये एका शेजाऱ्याच्या जागेत, त्यांच्या विनवण्या करून लावली आणि दिवसभर चारही दारे उघडी ठेवली. त्यातून डासांची सोय झाली, बाकी काही नाही. रात्री चिडून मी कागदावर हिशेब मांडला. 30 अंश तापमानाला एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त 30 ग्रॅमच्या आसपास बाष्प मावते. आर्द्रता 90 टक्के असेल तर त्यातले 27 ग्रॅम आधीच भरलेले असते, म्हणजे नव्या पाण्यासाठी जागा उरते ती अवघ्या तीन ग्रॅमची. छोट्या गाडीच्या आतली सगळी हवा तीन घनमीटर धरली, तर ती एका वेळी नऊ ग्रॅम, म्हणजे जेमतेम दोन चहाचे चमचे पाणी उचलू शकते. पुढे जेव्हा फेल्ट पिळला, तेव्हा रंगाच्या जुन्या डब्यात सुमारे चार लिटर पाणी भरले. चार लिटर पाणी दोन-दोन चमच्यांनी बाहेर काढायचे म्हणजे गाडीतली सगळी हवा चारशेहून अधिक वेळा बदलायला हवी आणि तीही कार्पेटच्या खालून वाहत जायला हवी. ‘‘दारे उघडी ठेवा, वारा लागू द्या’’, असे सांगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा सोडवून दाखवावा.

बाकीच्या सल्ल्यांचा समाचार थोडक्यात घेते. मोबाइल पाण्यात पडल्यावर तांदळात ठेवतात तसे गाडीत तांदळाचे पोते ठेवा, असे एका काकांनी गंभीरपणे सुचवले. एका सहकारी शिक्षिकेने बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून आणून दिल्या. भावना चांगली होती हे मी मान्य करते, पण एक किलो सिलिका जेल फार तर तीन-चारशे ग्रॅम पाणी शोषते, म्हणजे माझ्या गाडीला दहा किलोंहून अधिक जेल लागले असते आणि त्या पुड्या मोजून अकरा होत्या. कोळसा झाला, कापूर झाला. नवऱ्याने लिंबाच्या वासाची बाटली आणून एसीच्या जाळीला अडकवली, तेव्हापासून गाडीत शिरले की ओल्या गोणपाटावर कोणीतरी सरबत सांडल्यासारखे वाटते.

अखेर गुरुवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्याने पहिला प्रश्न विचारला तो असा: ‘‘ताई, गाडी झाडाखाली लावता का?’’ मग त्याने बॉनेट उघडले, वायपरचे दांडे काढले आणि काचेच्या पायथ्याशी असलेली काळी प्लॅस्टिकची जाळी, जिला तो काउल म्हणतो, ती उचलून बाजूला ठेवली. खाली न्हाणीच्या मोरीसारखी लांबट जागा होती आणि तिच्यात ओंजळ-दोन ओंजळी काळा लगदा भरलेला होता. पर्जन्यवृक्षाचे पान चिंचेसारखेच छोट्या छोट्या पानांचे बनलेले असते, जाळीच्या फटींतून ती आत जातात, तिथे कुजतात आणि कडेला असलेल्या अंगठ्याएवढ्या भोकाला बूच बसवतात. मोरी तुंबली की पाणी चढते, चढता चढता ब्लोअरला बाहेरची हवा देणाऱ्या तोंडापर्यंत पोहोचते आणि तिथून थेट आत, डाव्या बाजूला बसणाऱ्याच्या पायाशी उतरते. त्याने तारेने भोक मोकळे केले, वरून मगभर पाणी ओतले आणि ते घळघळत पुढच्या चाकामागे रस्त्यावर पडले. मला क्षणभर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या आणि दुसऱ्याच क्षणी डोके सणकले, कारण या गाडीच्या तीन सर्व्हिसिंग मी पैसे मोजून करून घेतल्या आहेत आणि त्यांतल्या एकाही वेळी ही जाळी उचलायचे कोणाच्या मनात आलेले नाही. गाडीबरोबर मिळालेल्या मॅन्युअलमध्ये फोन ब्लूटूथला जोडण्यावर पानेच्या पाने आहेत. या भोकावर एक ओळ नाही.

सगळ्यात मोठा धक्का ग्लोव्हबॉक्समागे होता. तिथला केबिन फिल्टर, म्हणजे गाडीच्या आत येणारी हवा गाळणारी जाळी, त्याने ओढून काढला, तेव्हा तो भिजलेल्या पापडासारखा हातातच वाकला. त्याच्या घड्यांत काळी धूळ आणि मागच्या कुठल्यातरी उन्हाळ्यातली वाळकी पाने अडकली होती. मार्चमधल्या बिलावर ‘केबिन फिल्टर बदलला’ असे छापलेले आहे आणि त्याचे पैसेही लावलेले आहेत. ते बिल आणि तो फिल्टर मी दोन्ही जपून ठेवले आहेत.

पुढचे काम कष्टाचे होते. बॅटरीची तार काढून त्याने थोडा वेळ थांबायला लावले, कारण सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरांचा एअरबॅगशी संबंध असतो आणि घाईने ते ओढणे बरे नव्हे. मग सीटचे चार बोल्ट काढले, उंबऱ्याच्या पट्ट्या उचकटल्या आणि कार्पेट सोलून काढावे तसे उलटे केले. खालून दोन नाणी, अर्धे बिस्कीट, एक खोडरबर आणि पत्र्यावर नुकताच उमटू लागलेला तांबूस डाग निघाला. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने त्याने होते तेवढे पाणी काढले. त्यानंतरचा उपाय ऐकून आमच्या सोसायटीतले सगळे सल्लागार अजूनही माना हलवत आहेत: काचा पूर्ण बंद, हवा आतल्या आत फिरवणारे बटण चालू, एसी चालू आणि तापमानाची खुंटी गरमकडे. एसीच्या थंड नळ्यांवर हवेतले बाष्प पाणी होऊन गाडीखालच्या नळीतून बाहेर ठिबकते आणि कोरडी झालेली हवा गरम होऊन पुन्हा कार्पेटवर फिरते. यासाठी गाडी उघड्यावर आणून तासन् तास चालू ठेवावी लागते, कारण स्टिल्टखाली धूर कोंडू देणे जिवाशी खेळ आहे. मी वह्या तपासत आत बसले, बाहेर पाऊस कोसळत होता, पेट्रोलचा काटा खाली जात होता आणि काचेवर टकटक करून एक काका खुणावत होते की काच उघडा, वारा लागू द्या.

दोन संध्याकाळी असे केल्यावर पत्रा आणि कार्पेट कोरडे झाले. फेल्टचा तुकडा मात्र गाडीत सुकणार नव्हता, म्हणून तो आमच्या बाल्कनीत, मुलीच्या गणवेशाशेजारी दोरीवर टांगलेला आहे. आज चौथा दिवस आहे आणि त्याचे खालचे टोक दाबले की अजून हात ओला होतो. काल रात्री सोसायटीच्या गटावर सेक्रेटरींनी सूचना टाकली आहे की बाल्कनीत वाहनांचे सामान वाळत घातल्याने इमारतीची शोभा जाते, तरी सभासदांनी ते त्वरित काढावे. त्या झाडाची वाळकी पाने पावसाळ्याआधी झाडून घ्यावीत, असा अर्ज मी मे महिन्यात याच सेक्रेटरींकडे दिला होता. त्याची पोच माझ्याकडे आहे आणि ती मी आज सकाळी त्याच गटावर, फेल्टच्या छायाचित्रासह टाकली आहे. दुपारचे तीन वाजले, अद्याप कोणाचेही उत्तर आलेले नाही.