फी माफ झाली, खोली-मेसचं काय?

ऑगस्टमध्ये दादाचा फोन आला. पोरीचा इंजिनिअरिंगला नंबर लागला, हे सांगताना आवाज भरून आला होता. मग म्हणाला, "पैसं यायचं ऊस गेल्यावर, आन् भरायचं हाईत आत्ता."

आमचं गाव कोल्हापूरजवळ, करवीर तालुक्यातलं. गळीत हंगाम नोव्हेंबरच्या आसपास सुरू होतो, बिलं त्यानंतर. दर दहा दिवसांनी येणाऱ्या दुधाच्या बिलावर घर चालतं. पोरीची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ही पूर्ण सवलत मिळते. निर्णय चांगलाच आहे. पण कॉलेजनं डेव्हलपमेंट फीची पावती हातात ठेवली, खोलीवालीनं डिपॉझिट मागितलं, मेसचे आगाऊ पैसे वेगळे. सगळे मिळून 65 हजार. दादानं सोसायटीतून उचल घेतली.

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र वाद एकच: फुकट दिलं की पोरांना किंमत राहत नाही. मी जर्मनीत श्टुटगार्टला राहतो, म्हणून मला हटकून विचारतात, तिकडं कसं? इथं 2006-07 पासून काही राज्यांनी सेमिस्टरला साधारण 500 युरो फी लावून बघितली. लोकांनी ती चालू दिली नाही. 2014 पर्यंत सगळीकडून ती गेली. मी राहतो त्या राज्यात युरोपीय संघाबाहेरून आलेल्या बहुतेक विद्यार्थ्यांना मात्र 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो भरावे लागतात, हेही सांगायला हवं. आणि दहा वर्षांच्या पोरानं पुढं कुठल्या प्रकारच्या शाळेत जायचं, हे इथं बऱ्याच राज्यांत चौथीनंतरच ठरतं, ते मला पटत नाही.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते दुसरंच. घरची कमाई कमी असलेल्या इथल्या पोराला सरकार राहण्या-खाण्यासाठी दरमहा पैसे देतं. त्यातले निम्मे अनुदान, निम्मे बिनव्याजी कर्ज, आणि परतफेड कितीही झाली तरी 10,010 युरोंच्या वर जात नाही. शिकायचं म्हणजे रोज जेवायचंही असतं, हे धरून ही योजना आखली आहे.

हे आम्हा कोल्हापूरकरांना कुणी परदेशातून येऊन शिकवायला नको. शाहू महाराजांनी 1901 मध्ये मराठा बोर्डिंग काढलं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं ते 1917 मध्ये. म्हणजे पोरांच्या डोक्यावर छप्पर आणि पोटात भाकरी, ही व्यवस्था त्याच्या सोळा वर्षं आधीची! माझे वडील दसरा चौकाजवळच्या एका बोर्डिंगात राहून शिकले. गावाहून एसटीनं भाकरीचा डबा यायचा, झाकणावर रंगानं नाव घातलेला. तो डबा आजही आमच्या फडताळात आहे.

आज निर्वाह भत्त्याच्या योजना आहेत, पण पैसे खात्यावर यायला सेमिस्टर उलटतं, हे कुणाही पालकाला विचारा. माझी मागणी एवढीच आहे: ही रक्कम प्रवेशाच्या आठवड्यातच पोरांच्या खात्यावर पडू द्या, आणि शहरात पोरींसाठी सरकारी वसतिगृहं वाढवा. दादाची उचल ऊस जाईपर्यंत फिटायची नाही, आणि पुढच्या ऑगस्टात पुन्हा खोलीचं भाडं आहेच.