लाखाचा सर्व्हर कशाला पाहिजे, भाऊ?

सध्या आमच्या यवतमाळकडच्या शेतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं : ‘गावाचा स्वतःचा चर्चामंच बसवायचा तर लाखाचा सर्व्हर, चोवीस तास नेट आणि लाईन पाहिजे. फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये व्हायरस असतो, मराठी त्यात चालत नाही. खेड्यातल्यांनी या भानगडीत पडू नये.’ लिहिणाऱ्यानं हे कधी बसवून पाहिलेलं दिसत नाही.

लाखाची गोष्ट आधी. झॅम्प नावाचं फुकट पॅकेज साध्या कॉम्प्युटरवर टाकलं की अपाचे (पानं पाठवणारा सर्व्हर), मारियाडीबी (माहिती साठवणारा डेटाबेस) आणि पीएचपी (मंच ज्या भाषेत लिहिलाय ती) एकदमच येतात. मग पीएचपीबीबी या चर्चामंचाच्या फुकट सॉफ्टवेअरची झिप सोडवून झॅम्पच्या एचटीडॉक्स फोल्डरमध्ये ठेवायची, झॅम्पसोबतच येणाऱ्या पीएचपीमायॲडमिनमधून एक रिकामा डेटाबेस करायचा, ब्राउझरमध्ये लोकलहोस्टवर, म्हणजे त्याच कॉम्प्युटरच्या पत्त्यावर, ते फोल्डर उघडायचं आणि इन्स्टॉलर विचारेल ते भरत जायचं. डेटाबेसचं युजरनेम रूट, पासवर्ड कोरा. झॅम्पमध्ये मुळात तसंच असतं. अपाचे सुरूच होत नसेल तर बहुतेक वेळा ८० नंबरचं पोर्ट दुसऱ्या प्रोग्रामनं धरलेलं असतं. अपाचेच्या सेटिंगमध्ये ८०८० करा. शेवटी इन्स्टॉलचं फोल्डर आठवणीनं काढा, नाहीतर मंच सभासदांना उघडत नाही आणि पुन्हा म्हणाल, चालत नाही बाप्पा.

नेट लागतं ते हे सगळं उतरवण्यापुरतं. वाचनालयातल्या राउटरचा रिचार्ज संपलेला असला तरी त्याच्या वायफायला जोडलेले मोबाईल त्या कॉम्प्युटरच्या १९२.१६८नं सुरू होणाऱ्या पत्त्यावर तोच मंच उघडतात. विंडोजच्या फायरवॉलमध्ये अपाचेला परवानगी द्यायची, आणि ई-मेलनं खातं पक्कं करण्याची अट ठेवायची नाही. नेटशिवाय तो मेल जाणार कसा? मोबाईलवर लॉगिन टिकत नसेल तर पीएचपीबीबीच्या सेटिंगमधला कुकी डोमेनचा रकाना रिकामा आहे का ते बघा. एवढा खटाटोप कशासाठी, तर ग्रुपवर मागच्या हंगामातली बोंडअळीची चर्चा शोधायला शेकडो ‘शुभ सकाळ’ ओलांडावे लागतात. इथे ती तिच्या विषयाखालीच सापडते.

व्हायरसचं म्हणाल तर पीएचपीबीबी २००० सालापासून आहे, जीपीएल या खुल्या परवान्याखाली आहे, आतला कोड कोणीही वाचू शकतो. मूळ साइटवरूनच उतरवा. धोका असतो तो कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेल्या कॉपीत. मराठीचा मुद्दा तर निव्वळ शिळा : २००७च्या तिसऱ्या आवृत्तीपासून सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे मराठीसकट सगळ्या लिप्या चालणाऱ्या पद्धतीत आहे. बटणं इंग्रजीत दिसतील, लिहा मराठीत.

लाईनबद्दल मात्र मेसेज अर्धा खरा आहे. लाईन गेली की मंच बंद, आणि अचानक गेली तर कधी कधी डेटाबेस पुन्हा उठायला कुरकुरतो. जुना लॅपटॉप चालेल, फक्त त्याची बॅटरी धड हवी. शिवाय दर आठवड्याला डेटाबेस एक्सपोर्ट करून पीएचपीबीबीच्या फोल्डरसकट पेनड्राइव्हवर घ्या; लोकांनी जोडलेले फोटो डेटाबेसमध्ये नसतात, ते त्या फोल्डरात असतात.

आणि हो, हाच कॉम्प्युटर साऱ्या जगाला उघडून देऊ नका. झॅम्प सरावासाठी आहे, कोऱ्या पासवर्डचा डेटाबेस नेटवर टाकणं म्हणजे घर उघडं टाकून जत्रेला जाणं. बाहेरगावच्यांना घ्यायचंच ठरलं तर तो एक्सपोर्ट आणि ते फोल्डर भाड्याच्या होस्टिंगवर हलवा; कॉन्फिग फाईलमध्ये तिथल्या डेटाबेसचं नाव, युजरनेम, पासवर्ड भरला की जुन्या चर्चा तिथेही तशाच उघडतात.