खाडी, हप्त्याहप्त्याने

सध्या मी इंग्लिश खाडीच्या मधोमध अडकलो आहे. देहाने पुण्यातच आहे, काळजी नसावी.

लहानपणी पोहायला शिकलो ते गावच्या विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधून काकांनी मागून ढकललं होतं. तेव्हा उत्साह कसा टिकवायचा हा प्रश्नच नव्हता, बुडायचं नव्हतं एवढंच. सेहेचाळिसाव्या वर्षी मात्र मागून ढकलणारं कुणी नसतं. दिवाळीनंतर आम्ही तिघा मित्रांनी सकाळी सहाच्या बॅचचे पास काढले. तिसऱ्या दिवशी एकाचा कान दुखायला लागला. पाचव्या दिवशी दुसऱ्याची बायको माहेरी गेली. तिचा आणि पोहण्याचा संबंध काय, हे मी अजून विचारलेलं नाही. उरलो मी, पंचवीस मीटरचा तलाव आणि खुर्चीत शालीत गुंडाळलेला लाइफगार्ड.

एकट्याने पोहण्यासारखी कंटाळवाणी गोष्ट नाही. पळणाऱ्याला निदान रस्त्यात कुत्री भेटतात. इथे खाली निळ्या फरश्या, समोर निळी भिंत, आणि वळलं की दुसरी निळी भिंत. सहाव्या फेरीलाच मन म्हणतं, ‘आज खांदा जरा धरलाय, नाही?’ खांद्याला पत्ताही नसतो.

तेव्हा मी डोकं लढवलं. इंग्लिश खाडी सगळ्यात अरुंद जागी साधारण 33 किलोमीटर. आमच्या तलावाच्या 1320 फेऱ्या. रोज वीस मारल्या तर 66 दिवसांत पलीकडे. मिहिर सेन 1958 साली ही खाडी 14 तास 45 मिनिटांत पोहून गेले आणि असं करणारे पहिले भारतीय ठरले. पुढच्याच वर्षी आरती साहांनी 16 तास 20 मिनिटांत पार केली. मला दोन महिने लागणार होते, पण त्यांना कुठे नऊच्या ठोक्याला ऑफिस गाठायचं होतं?

फ्रिजवर खाडीचा नकाशा चिकटवला, सुरुवात इंग्लंडच्या डोव्हर बंदरापासून. रोज रात्री लाल पेनाने अर्धा किलोमीटर पुढे.

“आज कुठवर?” हिने पोळी लाटता लाटता विचारलं.

“डोव्हरपासून साडेतीन किलोमीटर.”

“उद्या येताना कोथिंबीर आणा.”

खाडीचे नियम कडक असतात. सोबतच्या बोटीला किंवा माणसाला हात लागला की पोहणारा बाद. खाणंसुद्धा बोटीवरून काठीने नाहीतर दोरीला बांधून द्यायचं. हे मी घरी जेवताना जरा जास्तच रंगवून सांगितलं. मी स्वतः दर पंचवीस मीटरला भिंत धरून दोन मिनिटं धापा टाकत उभा राहतो, हे सांगायचं राहून गेलं.

मोजणं हीदेखील एक डोकेदुखी. श्वास, हात, पाय सांभाळताना आकडा निसटतो. अकरावी की तेरावी? माझ्या बाबतीत शंकेचा फायदा नेहमी तेरावीला मिळायचा. म्हणून काठावर दहा चिंचोके मांडले. जाऊन-येऊन दोन फेऱ्या झाल्या की एक चिंचोका डावीकडून उजवीकडे. चार दिवस हिशेब चोख चालला. पाचव्या दिवशी वळलो तर उजवीकडचा एक चिंचोका कावळ्याच्या चोचीत. खाडीत म्हणे जेलीफिश त्रास देतात.

“ओ काका,” लाइफगार्डने शालीतूनच आवाज दिला, “तुमचं राशन नेलं बघा.”

पण त्या दिवसापासून तो माझ्या फेऱ्या मोजायला लागला. मी सोळाला जिना गाठला की शालीतून हात बाहेर यायचा, चार बोटं ताठ. मुकाट्याने मागे फिरायचं. गावचे काकाच पुन्हा नोकरीला लागले म्हणायचे, फक्त ढकलण्याऐवजी बोटं दाखवायला.

डिसेंबरातल्या पुण्याच्या थंडीतही मी गेलो. 702 फेऱ्या झाल्या. साडेसतरा किलोमीटर, निम्म्याच्या पुढे. आणि एका सकाळी फाटकावर पाटी : ‘तांत्रिक कारणास्तव तलाव बंद’.

“मोटर गेलीय,” लाइफगार्ड म्हणाला. “सोमवारी या.”

“कुठल्या सोमवारी?”

“ते मोटर ठरवणार.”

आज तिसरा सोमवार. नकाशावरची लाल रेघ समुद्राच्या मधोमध थांबलेली. मी फ्रिजसमोर उभा होतो, तेवढ्यात ही पोह्यांची बशी झाऱ्यावर ठेवून, हात लांब करून ओट्यापाशी उभी राहिली.

“अगं, अशी काय देतेस?”

“जवळ येऊ नका. हात लागला की बाद ना तुम्ही?”

वर खोबरं होतं. कोथिंबीर नव्हती. ती आणायची माझ्याकडेच होती.