दत्तक जाणे आहे

जर्मनीत पीएच.डी.च्या मार्गदर्शकाला डॉक्टरफाटर म्हणतात, म्हणजे डॉक्टरबाप. बाई असतील तर डॉक्टरमुटर. ऐकून कोणी गहिवरू नये. आपल्याकडे दत्तक घेणारा मूल शोधत येतो, तिथे एम.ए. झालेलं, चष्मा लागलेलं मूलच बाप शोधत हिंडतं, आणि हातात दहा पानी अर्ज असतो.

पुण्या-मुंबईत अकरावीला ‘स्कोअरिंग’ म्हणून जर्मन घेतलेल्यांपैकी जे वेळीच सावरत नाहीत, ते रानडे इन्स्टिट्यूट, मॅक्सम्यूलर भवन करत करत जर्मन साहित्यात पीएच.डी.च्या या वाटेला लागतात. मी त्यांच्याच बाजूची आहे, म्हणून आधीच सांगते: पहिली ठेच जर्मन भाषेची नसते. शिष्यवृत्ती देणारे विचारतात, मार्गदर्शकाचं संमतीपत्र कुठाय? मार्गदर्शक विचारतात, पैशांची सोय काय? लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ते हेच.

यातून सुटायचं तर संमतीपत्र आधी मिळवायचं. त्याचं नाव बेट्रॉयुंग्सत्सूझागे. ते न अडखळता म्हणता आलं की सी1 ही जर्मनची वरच्या पातळीची परीक्षा निम्मी झाली समजा. ‘रिस्पेक्टेड सर’ने सुरू होऊन एकदम तीस प्राध्यापकांना गेलेली मेल तीसही ठिकाणी मरते. ज्यांना लिहायचं त्यांचं काहीतरी खरोखर वाचावं, त्यातल्या कोणत्या मुद्द्याच्या पुढे जायचंय ते पाच-सहा ओळींत जर्मनमध्ये लिहावं, एक्स्पोजे, म्हणजे संशोधनाचा आराखडा, जोडावा, आणि तीन आठवड्यांनी एकदाच आठवण करावी. ऑगस्टात उत्तर आलं नाही तर तो नकार समजू नये. ऑगस्टात बाप सुट्टीवर असतो. आणि पत्र मिळालं म्हणजे प्रवेश मिळाला, असंही नाही. विद्याशाखेची मान्यता वेगळी, नावनोंदणी त्याहून वेगळी. शिकवणीची फी बहुतेक ठिकाणी नसते, पण दर सहामाहीची वर्गणी असतेच.

आता एक्स्पोजे. विषय, आजवरचं संशोधन, प्रश्न, कोणत्या साहित्यकृती, पद्धत, महिनेवार वेळापत्रक, ग्रंथसूची. यातलं ‘आजवरचं संशोधन’ हे प्रकरण माणूस खातं, कारण त्यात एक खड्डा दाखवावा लागतो: इथे अजून कोणी काही लिहिलेलं नाही. पुण्यात खड्डा शोधावा लागत नाही. जर्मन साहित्यात मात्र दोनशे वर्षं डांबरीकरण चालू आहे. एकट्या महाकवी गटेच्या समग्र लेखनाच्या वायमार आवृत्तीचे 143 खंड. पत्रं आणि रोजनिश्यासुद्धा त्यात. मग आपला माणूस भारताकडे वळतो. 1791 मध्ये शाकुंतल जर्मनमध्ये आलं आणि गटे हरखून गेला, हे त्याला ठाऊक असतं. हेर्मान हेसेची ‘सिद्धार्थ’ कादंबरी 1922 ची, हेही. दोन्ही विषय एसटीच्या खिडकीशेजारच्या सीटसारखे आहेत, रुमाल कधीचाच पडलाय. भारतीय उमेदवाराने बुद्धावरच लिहावं अशी जर्मन समितीची प्रेमळ अपेक्षा असते. ती नम्रपणे मोडण्यात निम्मं यश आहे. उरलेलं निम्मं ‘गटेच्या काव्यातील निसर्ग’ असा विषय न घेण्यात. तीन कृती, एक प्रश्न, बास.

पैसा दोन रूपांत येतो. श्टिपेंडियुम म्हणजे शिष्यवृत्ती, आणि श्टेले म्हणजे विद्यापीठातली नोकरी. डाड या जर्मन शिष्यवृत्ती-संस्थेची शिष्यवृत्ती महिना 1300-1400 युरोंच्या घरात, राजकीय पक्षांशी जोडलेल्या प्रतिष्ठानांच्याही आहेत. त्यात वेळ आपला, पण पेन्शनीत काही जमा होत नाही. नोकरीत पेन्शन, विमा सगळं रीतसर, फक्त मानव्यविद्येत ती बहुतेकदा अर्धी किंवा 65 टक्के असते. अर्धी पगाराला. काम मोजणारा टक्का अजून जन्मायचाय. शिवाय 2007 च्या कायद्याने मुदतीच्या नोकऱ्यांना मर्यादा घातली: पीएच.डी.आधी सहा वर्षं, नंतर सहा. शिष्यवृत्ती बहुधा तीन वर्षांची, आणि प्रबंध तीन वर्षांत होतो असं फक्त वेळापत्रकात लिहिलेलं असतं. म्हणून सुज्ञांनी छत्तीस महिन्यांपैकी शेवटचे सहा कोरेच ठेवावेत. प्रबंध दिल्यावर परीक्षक अहवाल लिहायला महिनोन्‌महिने घेतात. शिष्यवृत्ती मात्र ठरल्या तारखेला थांबते.

मधल्या काळातला छळ म्हणजे हस्तलिखितं. मारबाखच्या साहित्यसंग्रहालयात काफ्काच्या हस्तलिखितापासून काय काय ठेवलंय. पण जुन्या लेखकांची पत्रं उघडली की समोर येते कुरेंट ही जुनी जर्मन हस्तलिपी. तिच्यात ई अक्षर एनसारखं दिसतं, आणि यू ओळखू यावा म्हणून त्याच्या डोक्यावर टोपी. इथे मराठी माणसाने छाती फुगवावी. मोडीतलं दप्तर ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिलंय, त्याला या लिपीची भीती नाही. वाचता येत नाही हा भाग वेगळा. काही विद्याशाखा पूर्वी लॅटिनचा दाखलाही मागत, काही अजून मागतात. ‘रामः रामौ रामाः’ तिथे चालत नाही.

शेवटी तोंडी परीक्षा. शेरे लॅटिनमध्ये: सुम्मा कुम लाऊडे, मॅग्ना कुम लाऊडे, कुम लाऊडे, आणि तळाला रीटे, म्हणजे ‘झालं एकदाचं’. पण नावापुढे डॉ. लावायला अजून मनाईच, कारण प्रबंध प्रसिद्ध व्हायला हवा. ग्रंथालयाच्या सर्व्हरवर तो बहुधा फुकट चढवता येतो. पुस्तकच हवं असेल तर प्रकाशक छपाईसाठी पैसे मागतो, लेखकाकडे.

ग्योटिंगनमध्ये नवे डॉक्टर परीक्षा संपताच बाजारचौकातल्या कारंज्यावर चढतात आणि तिथल्या गेन्झेलीझल या हंसवाल्या पोरीच्या पुतळ्याचा मुका घेतात. डॉ. लावायला मनाई, आणि या मुक्यालाही 1926 मध्ये मनाई झाली होती. त्यांतली दुसरी कोणी पाळली नाही.