जिभेची तोंडी परीक्षा

बिअर पिणे हा आळशी माणसाला शोभणारा उद्योग आहे, अशी माझी समजूत होती. पिणाऱ्याने खुर्ची धरावी, पेला उचलावा आणि बाकीचे काम बिअरवर सोपवावे. क्राफ्ट ब्रुअरीत, म्हणजे छोट्या प्रमाणावर हौसेने बिअर गाळणाऱ्या कारखान्यात, मात्र पिणाऱ्यालाच कामाला लावतात. तिथे बिअरचा आस्वाद घ्यावा लागतो, आणि घेतलेला आस्वाद चारचौघांसमोर ताबडतोब शब्दांत मांडून दाखवावा लागतो. एका हौशी मित्राने भरीस पाडल्यामुळे मी या परीक्षेला बसलो.

बिअरआधी ज्ञान पाजण्याची तिथे प्रथा आहे. गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवलेला ब्रुअर आम्हाला स्टीलच्या उंच टाक्यांमधून हिंडवत होता आणि आम्ही कोरड्या घशाने माना डोलावत होतो. भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, साधारण 65 अंशांच्या पाण्यात तासभर ठेवले की त्यातल्या स्टार्चची साखर होते, मग तो गोड काढा हॉप्स नावाची कडवट फुले घालून उकळायचा, थंड करायचा आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा, हे त्याने इतक्या प्रेमाने सांगितले की मध्येच ‘पण प्यायला कधी मिळेल?’ असे विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. एका टाकीतून निघालेली नळी खालच्या बादलीतल्या पाण्यात बुडवली होती आणि तिच्यातून बुडबुड असा अखंड आवाज येत होता. आत यीस्ट साखर खात होते आणि वायू बाहेर सोडत होते. मला त्या यीस्टचा मनापासून हेवा वाटला. खाताना काय जाणवते, असे त्याला कोणी विचारत नव्हते. 1516 साली बव्हेरियात जो प्रसिद्ध नियम झाला, त्यात बिअरसाठी पाणी, बार्ली आणि हॉप्स एवढ्याच गोष्टींना परवानगी होती. यीस्टचा उल्लेखच नव्हता. ते नेमके काय प्रकरण आहे हेही तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. सगळे काम ज्याने केले त्याचेच नाव कागदावर नसणे, हा प्रकार कचेरीत नोकरी केलेल्या कोणालाही सहज समजावा.

अखेर लाकडी फळीवर ओळीने मांडलेले चिमुकले पेले आले, फिकट बिअर आधी आणि काळी शेवटी. सोबत एक कागद आणि पेन्सिल आली. कागदावर रंग, वास, चव आणि घोट गिळल्यावर रेंगाळणारी चव असे रकाने होते. पेन्सिल पाहून माझी तहान निम्मी झाली.

पहिली पिल्सनर होती. 1842 साली आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेन शहरात योझेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन ब्रुअरने ही पारदर्शक सोनेरी बिअर प्रथम तयार केली, असे कळले. ‘काय जाणवतंय, सर?’ ब्रुअरने विचारले. मी म्हणालो, ‘गार आहे.’ त्याने समजूतदारपणे दुसऱ्याकडे पाहिले.

दुसरी गव्हाची होती आणि तिला पिकल्या केळ्याचा स्पष्ट वास येत होता. बिअरमध्ये केळे म्हणजे उगाच हसे व्हायचे, असा विचार करून मी गप्प बसलो. तेवढ्यात शेजारच्या गृहस्थांनी डोळे मिटून ‘केळं... आणि मागे थोडीशी लवंग’ असे उच्चारले आणि ब्रुअरने त्यांची पाठ थोपटायचीच काय ती बाकी ठेवली. त्या बिअरमध्ये केळेही नसते आणि लवंगही नसते. हे दोन्ही वास विशिष्ट जातीचे यीस्ट आंबवताना स्वतःच निर्माण करते. म्हणजे नसलेली वस्तू ओळखल्याबद्दल त्यांना पूर्ण गुण मिळाले होते.

यानंतर मंडळींना कंठ फुटला. कोणाला गवत सापडले, कोणाला ओली माती, कोणाला जुने चामडे. जो पदार्थ आपण एरवी जन्मात तोंडात घालणार नाही, तो बिअरमध्ये सापडला की तिची प्रतिष्ठा वाढते, असे दिसते. आंबट बिअर आली तेव्हा माझ्या मित्राने तिला ‘घोड्याच्या पाठीवरच्या घोंगडीचा’ वास असल्याचे जाहीर केले. मी ओशाळून इकडेतिकडे पाहू लागलो, तर ब्रुअरचा चेहरा उजळला होता. एका रानटी यीस्टमुळे येणाऱ्या या वासाला जाणकार खरोखरच घोंगडीचा वास म्हणतात, आणि तेही कौतुकाने.

आयपीए या भरपूर हॉप्स घातलेल्या कडवट बिअरने माझी खरी कसोटी पाहिली. बिअरचा कडवटपणा मोजण्यासाठी आयबीयू नावाचे एकक आहे. साध्या लॅगरमध्ये, म्हणजे नेहमीच्या फिकट बिअरमध्ये, ते दहा-पंधराच्या आसपास असते, आयपीएमध्ये साठ-सत्तरपर्यंतही जाते. लहानपणी कडू औषध पाजताना आमचे नाक दाबावे लागत असे. इथे प्रौढ माणसे त्याहून वाईट तोंड करून ‘वा, काय बॅलन्स आहे!’ म्हणत होती. वाइन चाखणारे घोट थुंकून टाकतात, बिअर चाखणारे मात्र गिळतात, कारण हॉप्सचा कडवटपणा घशाशी गेल्यावरच नीट कळतो, असे सांगितले जाते. संपूर्ण परीक्षेत परीक्षार्थ्यांच्या हिताची एवढी एकच तरतूद मला आढळली.

काळ्याकुट्ट स्टाउटला सगळे बिचकत होते आणि शेजारची सोनेरी बेल्जियन ट्रिपेल निर्धास्तपणे रिचवत होते. स्टाउटचा काळेपणा करपेपर्यंत भाजलेल्या बार्लीचा असतो. साधी स्टाउट चार-साडेचार टक्के अल्कोहोलची निघते आणि ती निरागस चेहऱ्याची ट्रिपेल आठ-नऊ टक्क्यांची. त्यामुळे थोड्याच वेळात सगळ्यांत सखोल समीक्षा ट्रिपेलवाल्यांच्या बाजूने ऐकू येऊ लागली.

शेवटी, आता आपल्या आवडीचा मोठा पेला मागवा, असे फर्मान निघाले. मी ब्रुअरला विचारले, ‘काम संपल्यावर तुम्ही स्वतः काय पिता?’ तो हळूच म्हणाला, ‘साधी लॅगर.’ मीही तीच मागवली. पेला आला, वर दोन बोटे फेस होता, मी तो ओठांपर्यंत नेला, आणि घोंगडीवाल्या मित्राने कागद माझ्यापुढे सरकवत म्हटले, ‘अरे, ही राहिली लिहायची.’