नुसता ‘आय७’ बघून मशीन घेऊ नका

“कॉम्प्युटर घेताना एवढंच बघा: आय७ असावा, गिगाहर्ट्झ आणि कोअर जास्त असावेत. जनरेशन, कॅश, नावाच्या शेवटची अक्षरं ही सगळी कंपन्यांची चलाखी.” दहावी-बारावीचे निकाल लागले की हा सल्ला फिरायला लागतो. त्यावर विसंबून लोक कष्टाचे पैसे नको त्या मशीनमध्ये घालतात, म्हणून प्रोसेसरबद्दलचा, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य चिपबद्दलचा, एकेक मुद्दा घेतो.

आधी आय७. आय३, आय५, आय७ ही इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची एकाच जनरेशनमधली (पिढीतली) प्रतवारी आहे. वेगवेगळ्या जनरेशनची तुलना त्यावरून होत नाही. २०११ चा आय७-२६०० आणि २०२२ चा आय३-१२१०० शेजारी ठेवा. दोघांतही चार कोअर (चिपमधले काम करणारे भाग), आठ थ्रेड (एकाच वेळी चालणाऱ्या कामांच्या रांगा). कमाल वेग ३.८ आणि ४.३ गिगाहर्ट्झ (क्लॉकचे सेकंदाला तितके अब्ज ठोके), म्हणजे कागदावर फरक थोडाच. तरी एका थ्रेडच्या कामात आय३ जवळपास दुप्पट वेगवान ठरतो. त्याचा कोअर क्लॉकच्या एका ठोक्यात जास्त सूचना उरकतो, कॅश (चिपमधलीच जलद मेमरी) ८ ऐवजी १२ एमबी आहे, रॅम जुन्या डीडीआर३ ऐवजी नव्या प्रकारची डीडीआर४ किंवा डीडीआर५ चालते. जुन्या आय७च्या बिल्ट-इन ग्राफिक्सला यूट्यूब वापरतं ते व्हीपी९ आणि एव्ही१ हे व्हिडिओ फॉरमॅट झेपतच नाहीत. ४के व्हिडिओ लावला की सगळा भार कोअरवर येतो आणि पंखा घरघरू लागतो. विंडोज ११ ज्यांवर चालतं त्या प्रोसेसरच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीतही तो नाही, आणि विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. म्हणून “आय७, १६ जीबी, एसएसडी” एवढीच जाहिरात दिसली तर पूर्ण मॉडेल नंबर मागाच. अशा नंबरातले शेवटचे तीन आकडे झाका, उरते ती जनरेशन: २६०० म्हणजे दुसरी, १२१०० म्हणजे बारावी.

गिगाहर्ट्झचा हट्ट तर खुद्द इंटेलनेच सोडला. त्यांचा पेंटियम ४ हा प्रोसेसर ३.८ गिगाहर्ट्झपर्यंत गेला, त्याचं ४ गिगाहर्ट्झचं मॉडेल २००४ मध्ये रद्द झालं, आणि २००६ मध्ये २.४ गिगाहर्ट्झच्या कोअर २ ड्युओ ई६६००ने त्याला सहज मागे टाकलं. कॅशला चलाखी म्हणणाऱ्यांनी इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीचा रायझन ७ ५८००एक्स३डी बघावा. साध्या ५८००एक्सपेक्षा त्याचा कमाल वेग कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ; पण एल३ (सगळ्या कोअरना सामाईक) कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी. बहुतेक गेममध्ये तोच सरस ठरतो.

कोअर जास्त हवेत, पण काम तसं असेल तर. व्हिडिओ रेंडर, ब्लेंडरसारखं थ्रीडी सॉफ्टवेअर, मोठा कोड कंपाइल करणं यात ते कामी येतात. ब्राउझर आणि वर्डसाठी सोळा कोअर घेऊ नका, त्या पैशात एसएसडी मोठी घ्या.

शेवटच्या अक्षरांकडे तर काणाडोळा करूच नका. इंटेलच्या नंबरामागे ‘एफ’ असेल तर बिल्ट-इन ग्राफिक्स नाही. आय३-१२१००एफ स्वस्त पडतो म्हणून घेतला आणि ग्राफिक्स कार्ड लावलं नाही, तर मदरबोर्डच्या एचडीएमआय पोर्टवर डिस्प्ले येणार नाही. ‘के’ असेल तर खोक्यात कूलर मिळत नाही. तो खर्च आधीच धरा.