घमेल्यातलं भूत

सकाळपासून तीन जणांनी एकच रील पाठवलंय. पाटणच्या वरच्या अंगाला कुठलंसं 'झपाटलेलं' रान, आणि त्यात एकटं पोरगं रात्र काढतंय. पहाटे तीनला कॅमेऱ्यात तोंड घालून सांगतंय, "डोकं जड झालंय, मळमळतंय, इथं कायतरी आहे." खाली लोक बजरंगबलीचा जयजयकार करून मोकळे. त्याच्या मागं तंबूत, घमेल्यात लालभडक कोळसे दिसतायत. तंबूची चेन वरपर्यंत बंद. ते एकालाही दिसलं नाही?

अरे लेकांनो, कार्बन मोनॉक्साइड आहे तो! वास नाही, रंग नाही. आधी डोकं ठणकतं, मग मळमळ, मग भ्रम, मग झोप, आणि त्या झोपेतनं माणूस उठत नाही. निखारे धुमसत असले, धूर दिसत नसला, तरी वायू सुटतच असतो. चेन चार बोटं उघडी ठेवून भागत नाही. कोळसा, चूल, गॅसचा स्टोव्ह, काहीच आत न्यायचं नाही. थंडी वाजते ना? अंगाखाली फोमची मॅट घाला, कारण अंगातली ऊब जमीनच जास्त ओढून घेते. कानटोपी, कोरडे मोजे, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून पायाशी. बास.

बाकी त्या रीलमधलं एकेक भूत ओळखीचंच निघालं. वस्ती नसताना कुत्रं भुंकतंय म्हणे. भेकर आहे ते, बिबट्याची चाहूल लागली की तासभरसुद्धा भुंकेल. फरशीवर चेंडू टप्पे घेत थांबावा तसा 'चक-चक-चकर्रर' आवाज रातव्याचा, आणि वाटेवरचे तांबडे डोळेही बहुतेक त्याचेच. गवतातले हिरवट ठिपके म्हणजे कोळी. टॉर्च कपाळाला बांधली तरच ते चमकतात. हातात खाली धरली तर दिसणार नाहीत, करून बघा. सागाच्या वाळक्या पाल्यावरनं उंदीर गेला तरी माणूस चालल्यागत वाजतं. चकव्याचंही तेच. चंद्र नाही, डोंगराची कड दिसत नाही, मग सरळ चालतोय असं वाटत माणूस गोल फिरतो. अशा वेळी चालायचंच नाही, उजाडेपर्यंत बसून राहायचं.

रानात एकट्यानं राहण्यात सुख आहे, मान्य. प्रत्येक आवाजाचा उलगडा होतो असंही नाही. पण म्हणून कोयना अभयारण्यात, चांदोलीत चोरून घुसायचं? 1972 चा वन्यजीव कायदा आहे, परवान्याशिवाय जाताच येत नाही. बामणोलीहून लाँचनं वासोट्याला जाणाऱ्यालाही दिवस मावळायच्या आत परतावं लागतं. आणि गावातली म्हातारी "ओढ्यावर जखीण हाय, रातचं जाऊ नगंस" म्हणते तेव्हा हसू नका. रात्री त्याच पाण्यावर गवे उतरतात. तंबू ओढ्यापासून लांब, वाळक्या फांद्यांखाली नाही, आणि आग्यामोहोळ दिसलं तर त्या बाजूलाच नाही. धूर गेला की माश्या उठतात.

अजून एक. त्याचे बूट रात्रभर बाहेर उताणे पडलेले. सकाळी झाडल्याशिवाय पाय घालायचा नाही. आणि मण्यार! बहुतेक झोपलेल्यालाच चावते, फारसं दुखत नाही, बऱ्याचदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात कळ आली, पापण्या जड होऊन मिटायला लागल्या, तर 108 ला फोन आणि थेट अँटीव्हेनम असलेलं रुग्णालय. आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. आणि तिथं रेंज नसते, म्हणून निघतानाच घरी कुणाला तरी जागा आणि परतायची वेळ सांगून ठेवायची.

खरं तर सकाळी पोराचा राग आला होता. रील परत परत बघितलं तसा गेला. बावीसेक वर्षांचं असेल, ओठ कोरडे पडलेत, हात थरथरतोय. शेवटी किंचाळून चेन ओढतं आणि अंधारात धूम ठोकतं. भुताच्या भीतीनं मोकळ्या हवेत आलं, म्हणून वाचलं! आता राग आहे तो "भावा, पार्ट टू कधी?" म्हणणाऱ्यांचा.

आणि त्यानं उत्तर दिलंय, येत्या अमावास्येला. कुणाच्या ओळखीतला असेल तर आजच फोन करा. भुताबद्दल वाद घालत बसू नका, घमेलं तेवढं घरी ठेवायला लावा.